पखवाजाची कणीक

रुक्मिणमावशींचं नाव आधी लिहिते, मग बाकीचं. त्या परतूरकडच्या कुठल्याशा गावच्या, रामजन्माच्या उत्सवात जांब समर्थला स्वयंपाकाच्या सेवेला आलेल्या. त्या दिवसाआधी मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही भेट झाली नाही. आता आम्ही गुजरातेत, वापीला राहतो. कानावर परकी भाषा पडते. भाजीवाल्याशी बोलतानासुद्धा आपलं काही चुकेल का अशी धास्ती असते. पण संध्याकाळी माझा सोपान पखवाज घेऊन बसला की मी पुन्हा आष्टीच्या आमच्या दोन खोल्यांत जाते, आणि मग मावशींची आठवण आल्याशिवाय राहत नाही.

तेव्हा नवरा कामासाठी एकटाच इकडं आला होता. आष्टीत मी आणि तीन लेकरं. वैष्णवी अकरा वर्षांची, ती पेटी शिकायची. सोपान नऊ वर्षांचा, त्याला पखवाज. आणि गुड्डू दीड वर्षाचा, त्याला फक्त रडणं. मंदिरात एक महाराज आठवड्यातून तीनदा शिकवायला यायचे. माझी शाळा सातवीत सुटली ती सुटलीच. गाण्याची एवढी आवड, पण ती कापूस वेचता वेचता गुणगुणण्यापुरतीच राहिली. म्हणून लेकरांचा एकही दिवस बुडू द्यायचा नाही, असा माझा हट्ट होता. गुड्डूला कडेवर घेऊन मी उंबऱ्याशी बसायची. खाली ठेवलं की रडायचा, उचललं की पेटीचा भाता ओढायला झेपावायचा. सोपानला बोल पाठ होत नसत, म्हणून मीच ते ऐकून पाठ करायची, आणि घरी गुड्डूला निजवताना त्याच्या पाठीवर थोपटत म्हणायची, धा धा दिं ता. एकाला झोप लागायची, दुसऱ्याचं पाठांतर व्हायचं. फार ओढाताणीचे दिवस होते, पण आज वाटतं, त्यांच्यासारखे गोड दिवस पुन्हा आले नाहीत.

उत्सवात जांबला आमच्या मंदिराची भजनसेवा ठरली. दोन्ही लेकरं पहिल्यांदा चारचौघांत बसणार होती. आदल्या दिवशी महाराज मला म्हणाले, "ताई, ह्या बारक्याला मंडपात आणू नका. त्याच्यापायी सेवेत खंड पडला तर सोपानच्या जागी दुसरा बसवीन. अन् मंग पुढं शिकवायचं का न्हाई, तेबी बघावं लागल." त्यांचंही काही चुकत नव्हतं. गुड्डूला सांभाळते म्हणालेली शेजारीण ऐनवेळी माहेरी गेली. त्याला घेऊन जाण्यावाचून इलाज नव्हता.

महाराजांचा एक नेम होता. आवाज घुमावा म्हणून पखवाजाच्या डाव्या अंगाला जी ओली कणीक लावतात, ती वाजवणाऱ्यानं आपल्या घरून आणायची. सकाळी गुड्डू कडेवर हंबरडा फोडत होता, आणि मी एका हातानं कणीक मळून, डब्यात भरून जीपमध्ये बसले.

जांबला पोचलो. आमच्या आधी एकच मंडळ होतं. सोपाननं कणीक लावली, ती घसरली. पुन्हा लावली, पुन्हा घसरली. त्याचा चेहरा उतरला. "आई, चिकटंनाच गं!" मी बोट लावून पाहिलं. पोळ्यांच्या सवयीनं मी कणकेत तेल-मीठ घातलं होतं! पखवाजाचं कातडंही तेलकट झालं होतं. तेवढ्यात गुड्डूनं सूर लावला. मंडपातून महाराजांनी मान वळवून पाहिलं.

मी गुड्डूला उचललं, सोपानला पखवाज घेऊन मागं यायला सांगितलं आणि स्वयंपाकाच्या शेडमागं भिंतीला टेकून बसले. गुड्डूचं तोंड दाबावं असं क्षणभर मनात आलं, हे कबूल करते. मग हात मागं घेतला आणि म्हणाले, "रामा, मला न्हाई जमत आता. तूच बघ."

शेडमधून एक म्हातारी बाहेर आली. दोन्ही हात पिठानं भरलेले. "कोण गं हे एवढं रडून राह्यलं? मीठ टाकायला हात घातला, तेवढ्यात ह्याचा आवाज आला. तशीच उठले बाई!" मी काही सांगायच्या आत तिनं सोपानच्या पुढ्यातला पखवाज पाहिला, डब्यातली कणीक चिमटीत धरली आणि हसली. "पखवाजाला काय पोळ्या चारायच्या व्हत्या काय? जल्दी आण इकडं."

कोरडं पीठ चोळून तिनं कातड्यावरचं तेल ओढून घेतलं. मग आतून परातीतली कणीक आणली. नुसतं पीठ आणि पाणी, अजून तेल-मीठ न पडलेली. थापली, थाप मारून पाहिली, थोडी काढली. पखवाज घुमला! "आमच्या मालकाला जन्मभर मीच लावून द्यायचे," ती म्हणाली. मग कणकेचा एक गोळा गुड्डूच्या मुठीत दिला आणि त्याला कडेवर घेतलं. तो गप्प. "जा तुम्ही. ह्याचं मी बघते."

लेकरांची सेवा निर्विघ्न झाली. महाराजांनी सोपानच्या पाठीवरून हात फिरवला. चमत्कार कशाला म्हणतात ते मला कळत नाही. जे रडणं थांबावं म्हणून मी जिवाचा आटापिटा करत होते, त्याच रडण्यानं मदत आली, एवढं मात्र कळलं. आपण ज्याला विघ्न म्हणतो, तेही रामाच्याच हाती सोपवून द्यावं.

मी धावत शेडमध्ये गेले. गुड्डू त्यांच्या खांद्यावर झोपला होता. विचारल्यावर त्यांनी नाव सांगितलं, परतूरकडची म्हणाल्या. "मावशी, ऐकलंत का हो?"

"कढईच्या आवाजात काय ऐकू येतंय? अन् हे आत्ता कुठं निजलं, हालायची सोय न्हाई." मग हळूच म्हणाल्या, "मालक गेल्यापासून जवळ बसून ऐकलाच न्हाई बघ पखवाज."

बाहेर जीपवाला हॉर्न वाजवत होता. गडबडीत मी त्यांचं नेमकं गाव विचारायचंही विसरले.

मावशी, एखाद्या उत्सवात मी लेकरांना घेऊन जांबला येईन. तुम्हाला शोधून काढीन. तुमच्या जागी कढईपुढं मी बसेन, आणि तुम्हाला सोपानच्या अगदी समोर बसवीन, पहिल्या थापेपासून शेवटच्या थापेपर्यंत.