मोनिकाबायची घंटा

मोनिकाबाय गुडघ्यांवरच म्हातारी झाली, असं ठाण्याच्या खाडीकाठी लोक हसून म्हणत. खोटं नव्हतं ते. तिचा नवरा मिठागरात कामाला आणि ही डोक्यावर मिठाची पाटी घेऊन बांधावरून चाललेली. तेवढ्यात देवळाची, म्हणजे चर्चची, घंटा झाली की पाटी खाली आणि बाई चिखलात गुडघ्यांवर! मुकादम काळुराम ओरडायचा, "अगो, तुझा देव काय पळून चाललाय?" ही प्रार्थना पुरी करूनच उठायची. "देव नाय पलत, मीठ पन नाय पलत. मंग तूच कनाला धावतंस?"

घरातही तोच कायदा. चुलीवर भात करपो, पाळण्यात पोर रडो, घंटा झाली की सगळ्यांनी गुडघे टेकायचे. "नमो मारिये" ही मारियामातेच्या प्रार्थनेची सुरुवात तिची, पुढचं उत्तर लेकरांचं. पण पोटची पोरं कुणी देवीनं गेली, कुणी तापानं, नवऱ्याला तर खाडीनंच गिळलं. उत्तर देणारे आवाज कमी होत होत शेवटी धाकटी लेक फिलू तेवढी उरली, तीही विधवा होऊन माघारी आलेली. एवढं सगळं ओरबाडून नेणाऱ्या देवावर रुसावं, असं म्हातारीला कधी वाटलं नाही. फिलूला मात्र हजारदा वाटायचं.

अठराशे सत्त्याण्णव साली प्लेग आला आणि मोनिकाबायच्या जांघेत गाठ उठली. गाठ दिसली की माणसाला गावाबाहेरच्या छावणीत नेत, आणि छावणीतून कोण परत आलं होतं? फिलूनं आईला पोटमाळ्यावर पेंढ्यामागं निजवलं.

"आय, तुज्या पाया परतंय, तोंडातून आवाज काडू नको गो."

"नाय काडत," म्हातारी म्हणाली.

प्लेगचे रोगी हुडकणारे झडतीवाले आले ते नेमके भर दुपारी. एक डॉक्टर, दोन गोरे शिपाई आणि आपल्यातला एक हवालदार.

"म्हातारी कुठंय?" हवालदारानं विचारलं.

"वसईला गेली, भावाकडं," फिलू धडधडीत खोटं बोलली. त्यांना ते पटलंही. चूल बघितली, मोरी बघितली आणि निघाले. एक पाय उंबऱ्याबाहेर पडलासुद्धा.

आणि घंटा झाली! मेली ती घंटा, घटकाभर थांबली असती तर काय बिघडलं असतं? वरून तापानं चिरकलेला, पण ठाम आवाज आला, "नमो मारिये..."

ओरडावं, भांडी आपटावी, काहीही करून तो आवाज बुडवावा, असं फिलूला वाटलं. पण जन्माची सवय! गुडघे आपोआप वाकले आणि तोंडून उत्तर निघून गेलं. शिपाई शिडी चढले तेव्हाही ती तशीच गुडघ्यांवर होती.

झोळीतून नेताना म्हातारीनं लेकीचा हात धरला. "चुकलं गो बाय माजं. घंटा झाली ना."

फिलू चिडली होती आईवर, घंटेवर, स्वतःच्या मेल्या गुडघ्यांवर. पण नुसतं चिडून कुणाची आई परत येते?

छावणीत घरच्यांना मज्जाव. फिलूनं पहारेकऱ्याचे पाय धरून पाहिले. तो बिचारा हुकमाचा ताबेदार. मग ती रोज कुंपणाबाहेर उभी राही. दुपारी घंटा झाली की आतल्या झोपडीतून आईची सुरुवात ऐकू येई आणि ही बाहेरून उत्तर देई. आवाज दिवसेंदिवस बारीक होत चालला होता. पण येत होता, आणि तेवढ्याच्या जोरावर फिलू दुसरी दुपार गाठत होती.

एका दुपारी घंटा झाली. फिलूनं कान दिला. झोपडीतून काहीच आलं नाही. घंटा थांबली, तरी ती वाट बघत राहिली. मग तिला वाटलं, आपणच सुरुवात करावी, आय मागून धरेल. तिनं तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. ते काम कायम आईचं. तिनं जन्मात कधी सुरुवात केलीच नव्हती. शेवटी कुंपणाचा बांबू घट्ट धरून तिनं आपलं उत्तरच म्हटलं, "आम्हा पाप्यांसाठी विनंती कर, आता आणि आमच्या मरणाच्या वेळी."