नाल्यावरचा हक्क

मंगळवार, १४ मार्च. सकाळपासून कोरडा खोकला. साडेअकराला पालिकेत सुनावणी, भाऊजींबरोबर गेले. कंपनीच्या जागेतल्या नाल्यावरचा हक्क पालिकेने सोडला. दीडला परत.

दुपारी एवढं लिहून वही मिटली, पण भाऊजींना एवढ्यात उरकणं मला बरं वाटेना.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, पालिकेत नाला निरीक्षक होते. त्यांचा नाला एका कंपनीच्या पाणथळ जागेतून जातो. जागा कंपनीची, पण तिथून पाणी वाहून न्यायचा आणि सफाईसाठी आत जायचा हक्क पालिकेचा. त्या हक्कावर भाऊजी एकतीस वर्षं त्या फाटकातून आत गेले. दुपारी माझी जाऊ डबा घेऊन यायची आणि दोघं मोरीच्या, म्हणजे नाल्यावरच्या छोट्या पुलाच्या, कठड्यावर बसून जेवायची. समोर पाणकणसं, त्यांत पाणकोंबड्या.

"घरात टेबल नाही का गं?" मी एकदा विचारलं.

"घरात हे बोलत नाहीत, वहिनी. तिथे गप्प बसत नाहीत."

तिला जाऊन सहा वर्षं झाली. भाऊजी निवृत्त झाले, तरी रोज दुपारी डबा घेऊन तिथे जात. वॉचमन जुना. "काय साहेब, नाला बरा आहे ना?" असं विचारून फाटक उघडायचा.

गेल्या महिन्यात नोटीस लागली. पाणी आता नव्या पाइपातून जातं, सबब नाल्यावरचा हक्क सोडायचा आहे, हरकत असल्यास लेखी कळवा. भाऊजी कोरा अर्ज घेऊन माझ्याकडे आले. अक्षर कॉन्व्हेंटचं म्हणून घरातले सगळे अर्ज माझ्याच गळ्यात पडतात.

"कारण काय लिहू?"

"लिहा, गाळ साचतो."

"साचतो?"

"पाणीच येत नाही, तर गाळ कुठून येणार?"

"मग खरं ते लिहू? रोज जेवायला जाता ते?"

"वहिनी, पालिकेच्या अर्जात बायको घालायची नसते."

शेवटी 'म्हणणे समक्ष मांडेन' एवढंच लिहिलं.

आज खुर्चीवरची अधिकारी बाई त्यांच्याच हाताखाली तयार झालेली निघाली. ती उठून उभी राहिली. नकाशा पुढे सरकवून म्हणाली, "सर, या नाल्याची माहिती तुमच्याइतकी कोणाला नाही. तुम्ही म्हणालात लागतो, तर मी फाइल इथेच थांबवते."

भाऊजींचं बोट नकाशावर मोरीपाशी थांबलं. पंखा फिरत होता, कागद फडफडत होते. मी मनात म्हणत होते, म्हणा, लागतो म्हणा.

"नाही लागत," ते म्हणाले. "पाइप व्यवस्थित टाकलाय."

तिने सही केली.

जिन्यात मी म्हटलं, "एक शब्द तर बोलायचा होता, भाऊजी."

"न बघता शेरा मारायचा नाही, हे तिला मीच शिकवलंय. आणि बघून खोटा कसा मारू?"

परतताना बस त्या फाटकावरून गेली. डबा त्यांच्या मांडीवर होता. "उतरायचं का? वॉचमन सोडेल," मी म्हटलं.

"सोडेल हो. पण आता मी कशाच्या नावावर आत जाऊ?"

त्यांनी मान वळवली, ती पाणकणसं मागे पडेपर्यंत तशीच.

संध्याकाळी वहीत भर घातली: भाऊजी दुपारी इथेच जेवले. उद्यासाठी तांदूळ अर्धी वाटी जास्त निवडून ठेवला.