चौकटीत चौकट

कॉम्प्युटरच्या पडद्याच्या उजव्या कोपऱ्यावर ती आधी आपला तळहात ठेवायची. मग डाव्या कोपऱ्यावर, मग वर, मग खाली. पहिल्यांदा मला वाटलं, बाई धूळ पुसतेय. तेवढ्यात ती मान न वळवता म्हणाली, "बघ गो, हितं कोण बसलंय. त्याला उठवायचा आपल्याला काय हक्क?"

लग्नाचे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. मोठ्या चित्रात नवरदेव मांडवात शिरतोय आणि त्याच वेळी कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत नवरी बांगड्या सारखी करतेय. दोन कॅमेऱ्यांनी दोन ठिकाणी टिपलेलं एकदम दाखवायची ही युक्ती. बघताना मजा वाटते. पण ती छोटी चौकट जिथे बसवतात तिथे आधीपासून कुणीतरी बसलेलं असतं, हे कुणाच्या मनातही येत नाही. तिच्या यायचं.

तिला सगळे आपा म्हणत. मीही. श्रीवर्धनला स्टँडजवळ आमचा छोटा फोटो स्टुडिओ आहे. आमचे हे पुरुषांकडचं शूटिंग करतात, मी बायकांकडचं. मुसलमान मोहल्ल्यातल्या लग्नात बायकांच्या खोलीत कॅमेरा घेऊन पुरुष शिरत नाही, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. आणि आत टिपलेलं एडिटिंगसाठी तरी परक्या पुरुषाच्या हाती कसं द्यायचं, म्हणून ते आपाकडे जायचं. तिचा कॉम्प्युटर आतल्या खोलीत, पडदा भिंतीकडे तोंड करून. दारातून डोकावणाऱ्याला नुसत्या वायरी दिसाव्यात अशी तिची व्यवस्था. यांना काही विचारायचं असलं की हे पडवीत, वाळत घातलेल्या सुपाऱ्यांच्या कडेला उभे राहून विचारायचे आणि आतून उत्तर यायचं. बहुतेक वेळा ते उत्तर "नाय" असायचं.

आमची हिंदू लग्नंसुद्धा हळूहळू तिच्याकडेच जायला लागली. याचं श्रेय आमच्या यांना.

त्याचं असं झालं. दिवेआगरच्या एका लग्नाचं एडिटिंग यांनी स्वतः केलं. मांडवात मंगलाष्टकं चालली आहेत आणि वरच्या कोपऱ्यात एक भलामोठा चंद्र, त्या चंद्रात नवरी लाजतेय. यांना स्वतःचं फार कौतुक वाटलं. चार दिवसांनी नवऱ्या मुलाची आत्या दुकानात आली. मंगलाष्टकं तिने म्हटली होती, त्यासाठी महिनाभर घसा जपला होता. व्हिडिओत आवाज तिचा आणि तिच्या जागी चंद्र. "माझ्या तोंडावर कुणाला बसवलंत?" एवढंच विचारून ती खुर्चीत बसली, ती चहा घेतल्याशिवाय आणि व्हिडिओ नवा करून देण्याचं कबूल करून घेतल्याशिवाय उठली नाही. तो व्हिडिओ आपाने दुरुस्त केला. चंद्र काढला, नवरीची चौकट मांडवाच्या एका खांबावर बसवली, आत्या मोकळी झाली.

यांची दुसरी आवड म्हणजे बदामाचा आकार. गिऱ्हाइकांचीही तीच. नवरा बदामात, नवरी बदामात, भोवती उडणारे गुलाब. आपाला ते अजिबात खपायचं नाही. "चौकोन पुरे. चौकोनात माणूस नीट बसतो. बदामात कान कापला जातो," ती म्हणायची. एकदा एका नवरदेवाने हट्टच धरला, तेव्हा तिने दोन्ही करून दाखवले. स्वतःचे कान गेलेले बघून तो मुकाट्याने चौकोनाला तयार झाला.

हे सगळं तिला कुणी शिकवलं नव्हतं. भावाने आखातातून कॉम्प्युटर आणून दिला, बाकी ती चुका करत शिकली. नवरा मस्कतला एका हॉटेलच्या मुदपाकखान्यात. ती इथे सासूबरोबर आणि सुपारीच्या वाडीबरोबर. वादळाने वाडी आडवी केली तेव्हा नवी रोपं तिने एकटीने लावून घेतली. तक्रार करताना मी तिला कधी ऐकलं नाही. मोबाइलच्या नेटवर्कला मात्र ती रोज न चुकता शिव्या द्यायची, आणि त्याही अगदी मनापासून.

त्या नेटवर्कनेच नाझियाच्या लग्नात घात केला.

नाझिया तिच्याच मोहल्ल्यातली. अब्बा कुवेतला. लेकीच्या निकाहला येतो म्हणून त्यांनी शब्द दिला होता, आणि ऐन वेळी त्यांची रजा नामंजूर झाली. मग ठरलं, फोनवरून बघायचं. निकाहात आधी वकील, म्हणजे मुलीच्या बाजूने बोलणारा माणूस, आणि साक्षीदार बायकांच्या खोलीत येऊन मुलीची संमती विचारतात आणि मग बाहेर नवऱ्या मुलाकडे जातात. वडलांच्या वतीने चाचा वकील झाले. ते खोलीत शिरले, धाकट्या बहिणीने फोन वर धरला आणि त्याच क्षणी नेटवर्क गेलं. पडद्यावर अब्बांचा चेहरा अर्धवट उघड्या तोंडाने थिजून राहिला. नाझियाने त्या थिजलेल्या चेहऱ्याकडे बघत होकार दिला. मी समोरच कॅमेरा धरून उभी होते. पोरीचे डोळे मला बघवले नाहीत.

त्यानंतर ती अब्बांचा फोन घेईना. आले नाहीत ते नाहीत, बघितलंही नाही, एवढंच म्हणायची. तिची अम्मी आपाच्या पडवीत येऊन बसली. "तिकडं तो धड जेवत नाय, हिकडं ही बोलत नाय. मी मधे कुठं जाऊ? निदान तुम्ही घेतलेला व्हिडिओचा तुकडा त्याला पाठवा, बघू दे."

मी लगेच पाठवायला निघाले होते. आपाने माझा हात धरला. "थांब गो. त्यानं अजून बघितलं नाय, तेवढंच तर आपल्या हातात हाय."

मला काही कळलं नाही. मग तिने अम्मीला सगळं नीट समजावून सांगितलं. अब्बांनी निकाहच्या दिवशी खोलीवर नवा सदरा आणि टोपी घातली होती, तीच आता परत घालायची. एका फोनवर ते निकाह बघतील, दुसऱ्या फोनने खोलीतला सोबती त्यांचा चेहरा टिपेल. सुरू करताना एकदा टाळी वाजवायची, म्हणजे आपाला दोन्ही व्हिडिओंचा मेळ घालता येईल. आणि तुकडा पाठवताना तिने फक्त घरातल्या बायका दिसतील एवढाच कापून पाठवला. इतरांच्या लेकीसुना त्या खोलीत होत्या, हे ती विसरली नाही.

मी म्हटलं, "आपा, हे नाटक नाही का? निकाह तर होऊन गेला."

"निकाह झाला. त्याचा बघायचा राहिला. माणूस पहिल्यांदाच बघतोय, त्यात नाटक कसलं?"

कुवेतहून व्हिडिओ आला. दुमजली लोखंडी खाटेच्या खालच्या मजल्यावर एक माणूस टोपी घालून बसलाय. लाजत टाळी वाजवतोय. वकील खोलीत शिरले तसा तो पाठ ताठ करून बसला. चाचांनी विचारलं तेव्हा नाझियाच्या आधी त्याचेच ओठ हलले. तिने होकार दिला आणि त्याने दुवेसाठी दोन्ही हात उचलले, ते चेहऱ्यावरून फिरवले आणि मग खाली घेतलेच नाहीत. सोबत्याचा एक हात बाजूने आला आणि त्याच्या खांद्यावर टेकला. मी रडत होते, ती डोळे बारीक करून टाळीचा आवाज जुळवत होती.

आता अब्बांची छोटी चौकट बसवायची कुठे? आपाचा तळहात फिरायला लागला. एका कोपऱ्यात नानी तसबीहची माळ घेऊन, दुसऱ्यात अम्मी पदर तोंडाशी धरून, तिसऱ्यात फोन उंच धरलेली बहीण, चौथ्यात दारातले चाचा. एकही कोपरा रिकामा नाही. दुपार अशीच गेली. शेवटी तिने चहा मागितला, प्याली, आणि दोन्ही चित्रांची अदलाबदल करून टाकली. अब्बा मोठे, पडदाभर. अख्खा निकाह छोट्या चौकटीत, त्यांच्या खोलीतल्या रिकाम्या भिंतीवर. खांद्यावरचा तो हात झाकला जात नाही ना, तेवढं तिने दोनदा बघितलं.

मी घाबरले. "नवरीच्या व्हिडिओत नवरीच छोटी? मुलाकडचे काय म्हणतील?"

"नाझियाला त्या दिवशी सगळ्यांनी बघितलं. ह्याला कोणी बघितला?"

नाझिया माहेरी आली तेव्हा सासूही सोबत होती. ओटीवरच्या टीव्हीवर व्हिडिओ लावला, नुसत्या बायका बसल्या. माझं सगळं लक्ष सासूकडे. चित्र पालटलं, अब्बा पडदाभर झाले. संपल्यावर सासूबाई हळूच म्हणाल्या, "परत लाव." परत लावलं. दुसऱ्यांदा तो माणूस चेहरा झाकून बसला तेव्हा नाझिया उठून आत गेली. दार लोटलेलं होतं, तरी ऐकू आलं. "अब्बा, मी बोलतेय. जेवलात का?" पुढचं ऐकायला नको म्हणून अम्मीने टीव्हीचा आवाज वाढवला. आपा तिथे नव्हती. आपलं काम लोक बघताना ती कधीच थांबायची नाही, लाज वाटते म्हणायची.

गेल्या वर्षी तिच्या नवऱ्याने तिला मस्कतला नेलं. एवढ्या वर्षांनी दोघं एका छपराखाली आली, मला फार बरं वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, रागही आला. तिचा कॉम्प्युटर आता माझ्याकडे आहे. सासूही सोबत गेली, घराला कुलूप. सुपारीची रोपं कमरेच्या वर गेली आहेत, त्यांचे फोटो मी तिला पाठवते.

परवा स्टुडिओत एक माणूस आला. हातात मोठी पिशवी, नव्या सदऱ्याच्या घड्या अजून मोडलेल्या नव्हत्या. मी त्याला एकदम ओळखलं, पण तो मला ओळखणार कसा. आपाच्या घराला कुलूप बघून विचारत विचारत आला होता. मी मस्कतला व्हिडिओ कॉल लावून दिला. आपाने ओढणी पुढे ओढली, सलाम झाला.

मग तो म्हणाला, "नाझियाच्या घरी निघालोय, नातवाला बघायला. म्हटलं, आधी तुम्हाला सांगून जावं. आता कोणी विचारलं तर मी सांगतो, माझ्या पोरीच्या निकाहला मी हजर होतो."

आपाने काहीतरी उत्तर द्यावं म्हणून आम्ही वाट बघत होतो. पण नेहमीसारखीच ती फोनसमोरून उठून गेली होती, आणि पडद्यावर बराच वेळ मस्कतची एक पांढरी भिंत दिसत राहिली.