तीन दिवाळ्या, एकच परकर

तुमच्याकडे मुलाला शाळेत घालताना जन्माचा दाखला लागतो. आमच्या परभणी जिल्ह्यातल्या पालमकडच्या खेड्यांत तेव्हा कान लागायचा. गुरुजी मुलाला सरळ उभं करून म्हणायचे, "उजवा हात डोक्यावरनं ने आणि डावा कान धर." बोटं कानाला लागली की मूल सहा वर्षांचं झालं, नाव घाला. नाही लागली की पुढच्या वर्षी या.

मी नर्सिंग इंग्रजीतून शिकले होते, तरी या पद्धतीचं मला कधी हसू आलं नाही. तुम्ही करून पाहा. तान्ह्या बाळाचं डोकं अंगाच्या मानाने फार मोठं असतं आणि हात आखूड. मूल वाढतं ते सगळीकडून सारखं वाढत नाही. हातपाय पुढे पळतात, डोकं मागे राहतं. हात कानाला लागतो तो त्या वाढीच्या एका टप्प्यावर.

एका जूनमध्ये गुरुजी एका बाईला आणि तिच्या दोन मुलांना घेऊन आमच्या दवाखान्यात आले. मुलगी थोरली, मुलगा तिच्याहून दोन वर्षांनी धाकटा.

"सिस्टर, धाकट्याचा हात लागला. थोरलीचा लागंना. तिसरं वर्ष हाय हे. आता काय हात ओढून लांब करू?"

मुलगी आईला चिकटून उभी होती. भाऊ नवी पाटी मिरवत होता आणि ती त्या पाटीकडे बघत होती. गुरुजींचं बोलणं संपल्यावर तिने कुणी न सांगता पुन्हा एकदा डोक्यावरून हात नेला. बोटं कानाच्या वरच अडली.

मी तिची उंची घेतली, मग भावाची. तो बोटभर उंच भरला. तिचा हात हातात घेतला तर गार. मृगाआधीचं ते ऊन, आम्ही सगळे घामाने निथळत होतो आणि या मुलीच्या अंगावर शाल होती. कातडी कोरडी, खरखरीत.

"आजारी असते का?"

"न्हाई बाई. लय गरीब लेकरू हाय. बसवलं तिथं बसतंय. रडणं न्हाई, हट्ट न्हाई. माझ्या सासूला तर नातवंडात हीच आवडती." मग मुलीच्या परकराची किनार दाखवत आई कौतुकाने म्हणाली, "आन् खर्च तर न्हाईच. ह्या एका परकरावर तीन दिवाळ्या काढल्या हिनं."

मी परकर उलटून पाहिला. खाली दुमडून शिवलेली पट्टी होती, मूल वाढलं की उसवायला ठेवतात ती. तीन वर्षांत टाके एकदाही उसवले नव्हते. म्हणजे परकर शिवला तोवर ही मुलगी नीट वाढली होती आणि मग केव्हातरी थांबली होती. का थांबली असेल, या विचाराने मला चैन पडेना.

त्यांना मी परभणीला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मुलीच्या मनगटाचा एक्स-रे काढून खिडकीच्या उजेडात धरला. मनगटातली बारकी हाडं जन्मतः दिसत नाहीत, वयाबरोबर एकेक करून उगवतात. या मुलीची निम्मीही उगवली नव्हती. रक्त औरंगाबादला गेलं आणि उत्तर आलं. गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी काम करत नव्हती. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी.

"किती दिवस?" आईने विचारलं.

"जन्मभर," डॉक्टर म्हणाले. "सोडली तर वाढ पुन्हा थांबेल. डोकंही चालणार नाही."

गोळ्या माझ्या दवाखान्यातून न्यायच्या ठरल्या आणि आईने त्या सुरू केल्या.

आधी शाल गेली, मग परकराची पट्टी उसवली. पुढच्या जूनमध्ये हात कानाला लागला आणि मुलगी पहिलीत बसली. मला वाटलं, आता काळजी मिटली. श्रावणात आई तणतणत आली.

"बाई, बंद करा ती गोळी. पोरगी बिघडायली! भावाची पाटी फोडली. सासूला म्हणती, तुला काय कळतंय. सासू म्हणती, त्या गोळीत कायतरी गरम हाय. शाळेत नाव तर लागलं, आता कशाला पायजे?"

मला हसू आवरेना. "अहो, मुलं अशीच असतात. इतकी वर्षं तिच्या अंगात भांडायचंही बळ नव्हतं."

"तुमी हसा. घरात मला ऐकावं लागतंय."

गोळ्या तिने नेल्या, पण त्या देईल याची मला खात्री नव्हती. पुढे मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या वादात एसटी बंद पडल्या, रस्ते अडले. माझ्याकडचा साठा संपला आणि परभणीहून नवा येईना. महिन्याहून जास्त काळ असाच गेला. ती बाई विचारायलाही आली नाही.

आली ती एसटी सुरू झाल्यावर, भर दुपारी, मुलीला कडेवर घेऊन. एवढी मोठी मुलगी कडेवर. अंगावर पुन्हा शाल.

"गोळी हाय का?"

"आली कालच. पण तुम्हाला तर नको होती."

ती बाकावर टेकली. "काल भावानं हिच्या हातातली भाकर वढून घेतली बाई. ही नुसती बघत बसली. सासू म्हणती, बघ, शाणी झाली पोरगी." तिने मुलीचे गार तळवे स्वतःच्या हातांत चोळले. "मला न्हाई पायजे असली शाणी. तिला भांडू द्या. सासूचं मी बघते."

माझ्याकडे होत्या त्या सगळ्या गोळ्या मी तिला बांधून दिल्या. तिने पुडी कमरेला खोचली, मुलीला पुन्हा कडेवर घेतलं आणि निघाली.