न्हाणीपाशी ठेवलेलं इंजिन

जुन्या गाड्या जमवणारा एक माणूस काल आमची मोटार बघायला आला. त्यानं बॉनेट उघडलं आणि ऑइलचा जुना वास आला.

"आजी, हिचं मूळ इंजिन कुठंय? त्याच्याशिवाय हिला मोल नाय."

ते मीच कितीतरी वर्षांपूर्वी भंगारात दिलं होतं. टॅक्सीसाठी ह्यांनी डिझेलचं इंजिन बसवलं, तेव्हा मूळचं पोत्यात गुंडाळून न्हाणीपाशी ठेवलं होतं. घटस्थापनेआधी घर आवरताना मी ते काढून टाकलं. खंडेनवमीला हे झेंडूचा हार घेऊन न्हाणीकडं गेले.

"मला इचारायचं तरी व्हतं गं."

"लोखंडासाठी काय इचारायचं?"

हे हार हातात धरून तिथंच उकिडवे बसले. मी भाकरी थापत राहिले.

म्हातारपणी तेच इंजिन परत बसवून मला वेरूळला न्यायचं त्यांनी ठरवलं होतं. ही गोष्ट मला ह्यांच्या दहाव्याला त्यांच्या मित्रानं सांगितली.