जोसेफच्या जंगलातले पाहुणे

आयर्लंडमधल्या क्लोनडॉकिनच्या आमच्या चारजणांच्या ऑफिसात किस्से सांगायची फारशी पद्धत नव्हती. २०२०च्या मार्चपासून सगळे आपापल्या स्वयंपाकघरात बसून काम करू लागलो. ऐकायला समोर कोणी नाही, म्हणूनच बहुधा ते साठत गेले.

आमचं काम म्हणजे युगांडातल्या एका गावातल्या जंगल-मुक्कामाचं बुकिंग. खोल्या गावकरीच सांभाळायचे, त्यांच्यातलाच जोसेफ पाहुण्यांना पक्षी दाखवायचा आणि त्यावर गावची शाळा चालायची. विमानं बंद झाली, सगळी बुकिंग रद्द झाली. हे सांगायला मी धीर गोळा करून जोसेफला फोन लावला. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यानं विचारलं, "तुमच्याकडे सगळे बरे आहेत ना?"

*

नवी छापलेली माहितीपत्रकं पडून होती. आमची बॉस नुआला म्हणाली, "ती प्रेसमध्ये टाक."

मी दोन दिवस खपून त्या गावावर लेख लिहिला आणि नावन गावच्या एका साप्ताहिकाला पाठवला. आयर्लंडमध्ये प्रेस म्हणजे कपाट, हे मला लेख छापून आल्यावर कळलं.

नुआला म्हणाली, "ग्रँड. असाच चुकत जा."

*

लेख वाचून लोकांचे फोन आले. जाता येत नाही, तर घरबसल्या काही दाखवाल का? मग दर शनिवारी जोसेफ मोबाईल घेऊन जंगलात निघू लागला आणि लोक तिकीट काढून बघू लागले.

पहिल्याच फेरीत चित्र गोठलं. पडद्यावर वीस मिनिटं नुसता त्याचा गमबूट. मी माफीचा मेसेज टाइप करत होतो, तेवढ्यात नास गावच्या एक निवृत्त नर्सबाई म्हणाल्या, "राहू दे. पक्ष्यांचा आवाज येतोय. कित्येक आठवड्यांत मी अशी शांत बसले नव्हते."

शेवटपर्यंत कोणीच उठलं नाही. त्या तिकिटांच्या पैशांवर गावच्या शाळेतले शिक्षकही टिकले.

*

पुढच्या एप्रिलमध्ये पुण्यात आईला कोविड झाला. मला जाता येईना. जोसेफला कळलं, तेव्हापासून तो रोज सकाळी जंगलाचा छोटा व्हिडिओ पाठवायचा. खाली लिहिलेलं असायचं, 'आईसाठी.' वॉर्डातली सिस्टर तो तिला लावून दाखवायची.

घरी आल्यावर आई म्हणाली, "मला त्या मुलाशी बोलायचंय."

व्हिडिओ कॉल लावला. मध्येच जोसेफला कोणीतरी हाक मारली, म्हणून त्यानं फोन आपल्या आईच्या हाती दिला. इकडे मलाही नुआलाचा फोन आला. अर्ध्या तासानं परतलो, तर दोघी बोलतच होत्या. आई मराठीत, त्या त्यांच्या भाषेत.

कॉल संपल्यावर मी आईला विचारलं, "काय बोलत होतीस एवढं?"

"मुलाची काळजी करत होत्या बिचाऱ्या. मी म्हटलं, येतील पाहुणे."

मला हसू आलं. तेवढ्यात जोसेफचा मेसेज आला: "माझी आई खोल्या झाडायला गेलीय. तुझ्या आईनं सांगितलं म्हणे, पाहुणे येतील."