पाचूच्या घड्याळातली दहा मिनिटे

काळ कोणासाठीही थांबत नाही, राजासाठी नाही आणि रंकासाठीही नाही. धायरीतल्या आमच्या इमारतीत मात्र तो लाकडी खोक्यात बसून सकाळभर तळमजल्यावर थांबला होता, कारण लिफ्ट बंद होती.

खोके अण्णांचे होते. इमारतही अण्णांनीच बांधलेली. ती उभी आहे तिथे पूर्वी त्यांच्या वडिलांची मेथी पिकायची आणि मंडईला जायची. आता तिथे आम्ही राहतो. वरचा मजला अण्णांनी स्वतःला ठेवला, खालचे आम्हाला विकले, आणि मुलीचे लग्न ठरल्यावर परदेशातून एक घड्याळ मागवले. मी कॉलेजात शिकवायचो, म्हणून त्याची माहितीपुस्तिका वाचून दाखवायला मला वर बोलावणे आले.

अशा वस्तूंविषयी मला आदर नाही. पाचू जडवले म्हणून मिनिट साठ सेकंदांहून मोठे होत नाही. पण खोके उघडले आणि पुस्तिका बाजूला ठेवून मी वाकून बघू लागलो, हे मान्य केले पाहिजे.

घड्याळ हातभरही उंच नव्हते. अंगावर निळा मिना, आणि मिन्याच्या खाली सोन्यात कोरलेल्या केसासारख्या बारीक लाटा. आपण हललो की त्या हलत. मिना म्हणजे काचेची पूड पातळ लावायची, भट्टीत वितळवायची, निवू द्यायची, घासायची आणि पुन्हा लावायची; शेवटच्या भट्टीत तडा गेला तर सगळे पहिल्यापासून. अंकांच्या जागी पाचू होते, तबकडीच्या गोलाईला जुळतील असे घासलेले. माथ्यावर एक झाकण आणि त्याखाली अंगठ्याएवढे पाखरू, खऱ्या पिसांचे. चावीने ठरवून दिलेल्या वेळी झाकण उघडायचे, पाखरू उठून मान वळवायचे आणि गायचे. त्याच्या गाण्यासाठी घड्याळाच्या पोटात चामड्याचा भाता होता. लोहाराच्या भात्याचाच भाऊ, फक्त बोटाच्या पेराएवढा. ती पिसे एकेक करून चिकटवणाऱ्या माणसाचे नाव पुस्तिकेत नव्हते. कंपनीच्या मालकाचे जागोजागी होते, फोटोसह.

बसवून द्यायला आलेल्या माणसाने वेळ लावली आणि जाताना एकच सूचना केली. "काटे पुढे नेले तर चालतील. मागे नेऊ नका."

"सर," अण्णा मला म्हणाले, "ह्या पाखरानं गायलं की अक्षता पडायच्या. भटजीनं हात वर करायचा नाय, कुणी घड्याळ बघायचं नाय."

यामागे एक वाक्य होते. व्याही पेठेतले. लग्न ठरवतानाच्या बैठकीत ते सगळ्यांसमोर म्हणाले होते, "तुमच्याकडची लग्नं मुहूर्तावर लागत नाहीत असं ऐकून आहोत. आमच्याकडे ते चालत नाही." अण्णा तेव्हा हसले होते. घरी आल्यावर हसले नाहीत. घड्याळ हे त्या वाक्याचे उत्तर होते.

एका रविवारी व्याही घड्याळ बघायला आले. सांगितलेल्या वेळेच्या आधीच आले. त्याबद्दल त्यांची ख्याती होती. चष्मा लावून त्यांनी मिना पाहिला, पाचू पाहिले, पाखराचे गाणे ऐकले.

"छान आहे. वेळ दाखवतं का?"

"म्हंजे काय! सेकंदाचा फरक नाय."

व्याह्यांनी मनगटावरचे जुने स्टीलचे घड्याळ वर केले. "दहा मिनिटं मागे आहे," ते म्हणाले आणि चिवड्याकडे वळले.

मी मोबाइल काढून पाहिला. पाखराचे घड्याळ अचूक होते. दहा मिनिटे पुढे होते ते मनगटावरचे. मी तोंड उघडणार, तोच अण्णांनी माझा गुडघा दाबला.

पाहुणे गेल्यावर मी म्हणालो, "अहो अण्णा, तुमचं बरोबर आहे. त्यांचं पुढे आहे."

"माहीत हाय. माझ्या खिशात बी फोन हाय."

"मग सांगायचं की."

"कुणी? पोरीच्या बापानं? व्याह्याला, की तुमचं घड्याळ चुकतंय?"

"मी सांगतो."

"तुम्ही आमच्या बाजूचं, सर. आम्हीच सांगितल्यावानी होतंय ते. पोरगी त्या घरात नांदायची हाय. दहा मिनिटांपायी तिनं जन्मभर टोमणे ऐकायचे का?"

अण्णांच्या पत्नी, आमच्या वहिनी, कपबशा उचलत होत्या. "आपल्या घरातली सगळी घड्याळं पुढंच असतात," त्या म्हणाल्या. "हे एकटंच शहाणं कशाला?"

अण्णांनी चावी काढली. ज्या काट्यांसाठी दूरदेशी कोणीतरी डोळ्याला भिंग लावून आयुष्य काढले, ते काटे त्यांनी पेठेतल्या एका मनगटाशी जुळवले. पुढे नेले, मागे नाही. सूचना तंतोतंत पाळली गेली.

लग्नात घड्याळ स्टेजवर होते, पाटावर तांदळाची रास घालून त्यावर मांडलेले, मिन्यावर हळदीकुंकवाचे बोट लावलेले. ते कोणी हलवू नये म्हणून मला शेजारी उभे केले होते. अंतरपाट धरला. मंगलाष्टके सुरू झाली. आपल्याकडे म्हणणाऱ्या मावशीजवळ नेहमीच आणखी एक कडवे असते. त्या कडव्याच्या मध्यावर झाकण उघडले. पाखरू उठले, मान वळवली आणि गायले. मावशी थांबल्या. सगळे कार्यालय ऐकत राहिले, मीसुद्धा.

मग अक्षता, वाजंत्री, टाळ्या. व्याह्यांनी मनगट वर केले, पाटावरच्या घड्याळाकडे पाहिले, पुन्हा मनगटाकडे पाहिले.

"मिनिटाला मिनिट!" ते सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले. आणि अण्णांना, "मानलं तुम्हाला."

हा शब्द पेठेत सहसा घराबाहेर काढत नाहीत. अण्णा उपरण्याने डोळे पुसू लागले. अक्षता डोळ्यात गेली, म्हणाले.

भटजींनी कनवटीचा मोबाइल किंचित वर काढून पाहिला आणि परत खोचला. त्यांना वारज्यात दुसरे लग्न होते.

मीही माझा पाहत होतो. विहीणबाई शेजारून चालल्या होत्या, त्या थांबल्या.

"त्यात बघू नका हो," त्या हळूच म्हणाल्या. "ह्यांचं घड्याळ मीच पुढे करून ठेवते. त्यांना अजून माहीत नाही. नाहीतर हे कुठे वेळेवर पोचले असते?"

"मग आत्ता बोलला नाहीत?"

"चारचौघांत? आज? चला, पानं मांडलीत."

खरा मुहूर्त लागला तेव्हा पहिली पंगत बसली होती आणि मला मठ्ठा वाढत होते.